गळ्यात काही घालायचं नाही

लग्नाच्या पंगतीत माझी ओळख निघाली की पुढचा घास मला गोड लागत नाही. "या बाई शिशुगृहात होत्या," असं कुणीतरी सांगतं आणि शेजारी बसलेला माणूस लगेच माझ्याकडं वळतो. "लई पुण्याचं काम केलं बघा तुम्ही." हे पहिलं वाक्य. दुसरं त्याच्या शेपटाला धरूनच येतं. "आमच्या मेव्हण्याला मूलबाळ न्हाई. एखादं चांगलं लेकरू असलं तर बघा की. जरा गोरं बघा, अन् लहानच बघा, म्हंजे त्याला मागचं काही आठवायचं न्हाई." जणू मी सीताफळाची पाटी पुढं घेऊन बसले आहे आणि हे दाबून दाबून निवडणार आहेत.

संपादकांनी फोनवर सांगितलं, दिवाळी आहे, जरा गोड आठवणी लिहा. गोडाचं काम घरोघरी चालूच असेल. फराळात तिखट चिवडाही लागतो, तो माझ्याकडं.

मी मूळची चाकूरची. नांदेडच्या एका शिशुगृहात समाजसेविका म्हणून लागले आणि तिथूनच निवृत्त झाले. काम काय, तर लेकराला घर शोधायचं. घराला लेकरू शोधायचं नाही. या दोन्हींत जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि माझी निम्मी नोकरी तो फरक समजावण्यात गेली. एकदा नांदेडचे एक चांगले शिकलेले गृहस्थ बाळ बघायला आले, सोबत त्यांची मावशी. मावशींनी बाळाची पापणी खाली ओढून पाहिली, तोंड उघडून पाहिलं आणि मग त्याला पालथं करून पाठीवर भोवरा कुठं आहे ते शोधायला लागल्या. मी म्हटलं, "मावशी, दात मोजायचे राहिले." त्या म्हणाल्या, "अजून आलेच न्हाईत की." त्यांना माझा राग कळलाच नाही.

आता घराची आणि लेकराची जोडी संगणकावर लागते. भोवरा शोधायची सोय राहिली नाही, ते एक बरं झालं. जोडी लागली, भेट झाली की लेकरू त्या घरी राहायला जातं, पण दत्तकाचा शेवटचा आदेश व्हायला काही काळ जातो. त्या मधल्या काळात घरच्यांना 'आम्हाला जमत नाही' म्हणायची मुभा असते. न जमणाऱ्या घरात लेकरू सडू नये म्हणून ही मुभा. लोकांनी तिचा अर्थ कापडाच्या दुकानासारखा लावला. घरी नेऊन बघू, नाही पसंत पडलं तर बदलून आणू.

परत आलेली लेकरं मी माझ्या हातानं आत घेतली आहेत. एवढ्या वर्षांत या कामातलं सगळ्यात वाईट काम कोणतं असेल तर ते. परत आलेलं लेकरू रडत नाही. आपल्या चपला आपणच रॅकमध्ये ठेवतं आणि जेवायला बसतं. सोडायला आलेली माणसं एकमेकांकडं बघतात. "बघा, त्याला काहीच वाटत न्हाई." अहो, रडून कुणी येत नाही हे ज्याला पक्कं कळलं ते कशाला रडेल? पण हे सांगायला गेलं की मला उत्तर मिळायचं, "बाई, तुम्ही लई भावनिक होता." हे वाक्य आमच्या वरच्या कार्यालयातल्या एका साहेबांचं आवडतं होतं. ते पुढंही येणार आहेत, म्हणून आत्ताच ओळख करून ठेवते.

आता राणीचं सांगते. नाव बदललं आहे.

राणी आमच्याकडं आली तेव्हा चारेक वर्षांची होती, किनवटकडच्या एका गावातली. आई वारलेली. आईमागं ज्या माणसाच्या घरात ती राहिली, तो प्यायला की तिच्या गळ्यातला काळा दोरा धरून तिला घरभर ओढायचा. नजर लागू नये म्हणून आईनंच बांधलेला दोरा. शेजारच्या बाईनं गाव गोळा केलं म्हणून पोर वाचली. याहून जास्त मी सांगणार नाही. ती हकिगत राणीची आहे, तिला वाटलं तर ती सांगेल.

आमच्याकडं आल्यावर ती खायची, खेळायची, दांडगाईसुद्धा करायची. फक्त गळ्याशी काही आलं की ती राणी राहायची नाही. आंघोळीनंतर खांद्यावर टॉवेल टाकला की किंचाळायची. फ्रॉकचं वरचं बटण लावू द्यायची नाही. बालवाडीत सगळ्यांच्या गळ्यात फितीचं ओळखपत्र असायचं. हिनं ते तोडून फेकलं आणि बाईंचा हात ओरबाडला. बाईंनी आम्हाला निरोप धाडला, 'मुलगी बेशिस्त आहे.' मी जाऊन ते ओळखपत्र पिनेनं तिच्या फ्रॉकला लावलं आणि बेशिस्त त्या दिवशीच संपली. पिन लावायला काही मोठी डिग्री लागत नव्हती.

मग उदगीरचं जोडपं आलं. महानंदा आणि शिवराज. अडतीचं दुकान, घर लिंगायत, माणसं मऊ बोलणारी. पहिल्या भेटीला महानंदानं राणीला हाक मारली नाही, उचललं नाही. ती फरशीवर बसली, पिशवीतून बोरं काढली आणि स्वतःच खायला लागली. एक बोर खायची, एक बाजूला ठेवायची. बाजूला ठेवलेली बोरं राणी एकेक करून उचलून नेत होती. मी तेव्हाच मनात म्हटलं, घर लागलं पोरीला.

निघताना मी दोघांना समोर बसवून मागचं सगळं सांगितलं आणि बजावलं, "हिच्या गळ्यात काही घालायचं नाही. साखळी नाही, माळ नाही, मफलर नाही. कुणी कौतुकानं घालायला लागलं तरी तुम्ही आडवं व्हायचं."

"हाव बाई," शिवराज म्हणाला. "सोन्याचं न्हाई, मोत्याचं न्हाई, कायबी न्हाई घालत. लक्षात हाय."

आणि त्यांनी ते पाळलं. शिवराजच्या बहिणीनं सोन्याची साखळी आणली तर महानंदानं ती मोडून राणीच्या हातातल्या बांगड्या केल्या. थंडीत मफलरऐवजी कानटोपी घातली. फोनवर राणी मला दुकानातल्या मांजराच्या गोष्टी सांगायची. मी निर्धास्त होते.

तेवढ्यात साहेबांचा फोन आला. "बाई, ती उदगीरची केस परत येऊन राहिलीय. पोरगी पिसाळल्यावानी करतीय म्हणे. मी त्यांना म्हणलो, टेन्शन घेऊ नका, दुसरं दाखवू."

"साहेब, मिक्सर आहे का तो?"

"तुम्ही लई भावनिक होता बाई."

मी फोन ठेवला आणि उदगीरची एसटी धरली. रस्ताभर मी मनातल्या मनात भांडत होते, साहेबांशी, शिवराजशी आणि न बघितलेल्या त्यांच्या सगळ्या नातेवाईकांशी.

घरी गेल्यावर कळलं ते असं. घरात लेकरू आलं म्हणून त्यांनी राणीच्या लिंगधारणेचा कार्यक्रम ठेवला होता. दारात मांडव, गावभरची पंगत, नातेवाईक बिदरपासून आलेले. घरचे म्हातारे स्वामी बोलावलेले. राणी महानंदाच्या मांडीवर छान बसली होती, कपाळाला भस्म लावून घेतलं, हसलीसुद्धा. मग स्वामींनी चांदीच्या डबीतलं इष्टलिंग दोऱ्यासकट तिच्या डोक्यावरून गळ्यात घातलं. पोरीनं स्वामींच्या हाताचा कडकडून चावा घेतला, पूजेचं ताट उधळलं आणि आतल्या खोलीत पोत्यांच्या थप्पीमागं जाऊन बसली. काढायला गेलेल्या प्रत्येकाला ओरबाडलं. भरल्या मांडवात! "बाहेरचं हाय," असा निकाल पंगत उठायच्या आत लागला. नातेवाईकांनी आधी पोरीला परत पाठवायचं म्हणून आमच्या साहेबांना फोन लावला, मग तिला एका जाणत्याकडं नेलं. जाणत्यानं अंगारा लावला आणि मंतरलेला काळा दोरा बांधला. कुठं? गळ्यात.

"तवापासून लेकरू शांत हाय बघा," शिवराजची आई मला सांगत होती. घरात सगळे तिला अव्वा म्हणत. "ना रडणं, ना वरडणं."

राणी माजघराच्या उंबऱ्याशी बसली होती. माझ्याकडं बघितलं, पण उठली नाही. तिच्या उजव्या हाताची दोन बोटं दोरा आणि गळा यांच्या मधे घातलेली होती. मी बराच वेळ थांबले, बोटं निघेनात. महानंदानं ताट आणलं तर ती डाव्या हातानं जेवली. उजवा हात गळ्याशीच.

"झोपंतबी काढीत न्हाई," महानंदा हळूच म्हणाली. "मी रडले बाई, पर माझं कोण ऐकतंय इथं."

माझं डोकं फिरलं. मी शिवराजला म्हटलं, "मी काय सांगितलं होतं तुम्हाला? तोंडानं सांगितलं होतं, समोर बसवून सांगितलं होतं!"

"बाई, दागिना एक घातला असंल तर शपथ. इचारा हिला."

"आणि लिंग?"

शिवराजला खरोखर प्रश्न समजला नव्हता. "लिंग म्हंजे गळ्यात घालायची वस्तू हाय का बाई? ते तर अंगच हाय आपलं."

इथं माझ्या रागाचा पाय अडखळला. माणूस पळवाट शोधत नव्हता. ज्या घरात जन्मलेल्या लेकराला लिंग बांधतात, जे आंघोळीत काढत नाहीत, झोपेत काढत नाहीत, मेल्यावरही सोबत जातं, त्या घरात 'गळ्यात काही घालू नका' म्हटलं तर ते साखळीचं बघतील, मफलरचं बघतील, लिंगाचं त्यांच्या मनातसुद्धा येणार नाही. त्यांनी मला फसवलं नव्हतं. उलट पोरीला घरची करायला निघाले होते.

पण ही सवलत फक्त लिंगाला. "आणि हा जाणत्याचा दोरा? तोही अंगच का?"

उत्तर अव्वांनी दिलं. "मग काय करावं आम्ही? चारचौघांत स्वामीला चावलं. खायला-प्यायला कमी न्हाई, मारझोड न्हाई, लाड हाय. मागचं मागं पडलं, आता कामून भ्यावं लेकरानं?"

हा प्रश्न मला आयुष्यभर विचारला गेला. आता तर चांगलं चाललंय, मग आता का? याचं उत्तर मोठ्या शब्दांत देता येतं, पण उदगीरच्या माजघरात ते चालत नाही. मी म्हटलं, "अव्वा, तुमचं माहेर शेतीचं. मारकुट्या मालकाचा बैल बाजारातून आणला तर नव्या दावणीला आल्या दिवशी तो सगळं विसरतो का?"

अव्वांनी मांडीवरची पानाची चंची उघडली, सुपारी काढली, परत आत ठेवली. मग म्हणाल्या, "निलंग्याला आमच्याकडं असला एक बैल हुता. कामाला वाघ. पर मानंवर जू आलं की खाली बसायचा. गडी म्हणले इका. माझे आप्पा म्हणले, इकायचा न्हाई. त्यांनी काय केलं, जू नुसतं त्याच्याजवळ जमिनीवर ठिवलं. तिथंच वैरण टाकायची, तिथंच पाणी. दिवाळीला ठिवलं ते संक्रांतीनंतर कवातरी त्यानं आपून मान दिली."

"बैलासाठी दिवाळी ते संक्रांत वाट बघितली," मी म्हटलं. "नातीसाठी पंगत उठेपर्यंतसुद्धा नाही?"

माझा आवाज चढला होता, हे मला नंतर महानंदानं सांगितलं. शेजारच्या दुकानातली माणसं दारात येऊन उभी राहिली होती म्हणे. मला त्याचं काही वाटत नाही. बैलाची व्यथा ज्यांना कुणी न शिकवता कळते, त्यांना लेकराची कळू नये याचा मला तेव्हा संताप आला होता आणि आता लिहितानाही येतो. जनावर बिघडलं तर आपण मागच्या मालकाला शिव्या देतो. लेकरू बिघडलं तर लेकराच्याच रक्तात खोट काढतो.

अव्वांनी चंचीतून अडकित्ता काढून सुनेपुढं केला. "काप."

मी म्हटलं, "तिला विचारून."

महानंदा राणीसमोर बसली. "राणी, हा दोरा कापायचा का गं? तू काप, मी धरते." राणीनं आधी अडकित्त्याकडं बघितलं, मग अव्वांकडं. मग गळ्याशी घातलेली बोटं तशीच ठेवून दोरा पुढं ओढला आणि डावा हात अडकित्त्यावर ठेवला. महानंदाच्या हातावर तिचा हात. दोरा तुटला. तो तिनं उचलून मोरीत टाकला, वर तांब्याभर पाणी ओतलं, आणि तिथंच उंबऱ्याला टेकून झोपून गेली. दोन्ही हात मोकळे टाकून.

तरी अव्वांचं घोडं एका जागी अडलंच. "दोरा गेला, बरं झालं. पर लिंगाबिगर लेकरू आमच्या पंगतीला कसं बसंल? तिच्या हातचं पाणी मी कसं घेऊ? माझ्या जिवाला ते जमायचं न्हाई बाई."

म्हणजे प्रश्न तिथंच. मग मी आणि शिवराज स्वामींच्या घरी गेलो. मी पदर खोचूनच निघाले होते. चावा त्यांना बसलेला, अपमान भरल्या मांडवात झालेला, ते सरळ बोलणार नाहीत हे मी धरूनच चालले होते. स्वामी ओट्यावर बसले होते, हाताला पट्टी. मी राणीचं मागचं सांगितलं. ते ऐकत राहिले. मग शिवराजला म्हणाले, "पूजा कुठं करतो रे आपण? गळ्यावर का तळहातावर?"

"तळहातावर."

"मग लेकराच्या तळहातावर ठिव. गळा काय, ठिवायची जागा हाय. तिला जमंल तवर देव्हाऱ्यात ऱ्हाईल." आणि पट्टीकडं बघून हसले. "दात बळकट हायत पोरीचे. जिवाला जपणारं लेकरू हाय, सोडू नका."

एवढंच! माझं तयार भांडण वायाच गेलं. तसंच घेऊन मी नांदेडला परत आले आणि दुसऱ्या दिवशी साहेबांवर खर्च केलं.

इथं गोष्ट संपली असं वाटेल. संपत नाही. दोरा कापला म्हणून लेकरू बरं होत नाही. राणीनं पुढं चुलत भावाला चावलं, ती अंथरूण ओलं करायची, शिवराजला दुकानातून यायला उशीर झाला की दारामागं लपायची. महानंदा फोनवर रडायची. "बाई, मला जमत न्हाई. मी आई न्हाई का तिची?" तिला कुठं पाठवू, कुणाशी बोल म्हणून सांगू? आमच्या बाजूला असली लेकरं समजून घेणारा माणूस शोधायचा तर दिवा घेऊन हिंडावं लागतं. आमचं प्रशिक्षण म्हणजे एक दिवस, एक पाहुणा वक्ता, पडद्यावर इंग्रजी चित्रं आणि समोसा. लेकरू देताना फोटो काढायला सगळे हजर असतात. लेकरू चावतं तेव्हा आई एकटी असते. महानंदाजवळ मी होते, कारण मी फोन उचलत होते आणि ती करत होती. जिनं फोन केला नाही, तिचं लेकरू परत आलं. अशी काही नावं मला अजून आठवतात आणि त्यांच्यासाठी आपण कमी भांडलो असं वाटत राहतं.

महानंदानं मात्र अव्वांच्या वडिलांची रीत धरली. रोज सकाळी पूजेला बसताना राणीचं लिंग शेजारी वाटीत काढून ठेवायची. बोलवायचं नाही, विचारायचं नाही. आपलं लिंग आपल्या डाव्या तळहातावर घेऊन पूजा करायची. राणी दाराआडून बघायची. मग दारात बसून. मग पाटाशेजारी. एका सकाळी तिनं आपला डावा तळहात महानंदापुढं धरला. हे मला फोनवर अव्वांनी सांगितलं. "आज तिच्या हातचं पाणी पिले," असं म्हणून त्यांनी लगेच फोन ठेवला.

आदेशाच्या दिवशी सगळे आले. कडक इस्त्रीतला शिवराज, महानंदा, नवं लुगडं नेसलेल्या अव्वा आणि मोठ्या गळ्याच्या फ्रॉकमधली राणी. कार्यालयात सत्काराची तयारी होती. आपल्याकडं सत्काराशिवाय पान हलत नाही. टेबलावर शाल, नारळ आणि झेंडूचे भले मोठे हार, फोटोवाला सज्ज. आणि सत्कार करायला कोण, तर आमचे तेच साहेब, 'दुसरं दाखवू' वाले. चार शब्द बोलले. या कुटुंबानं केवढे उपकार केले, पोरीनं काय नशीब काढलं वगैरे. माझे कान तापले. मग त्यांनी हार उचलला आणि दोन्ही हातांनी उघडून राणीसमोर वाकले.

राणीचा उजवा हात गळ्याशी गेला. मी खुर्ची मागं सारली.

पण माझ्याआधी अव्वा पोचल्या होत्या. त्यांनी साहेबांचं मनगट धरलं.

"गळ्यात न्हाई घालायचं. हातात द्या."

"अहो आजी, फोटोपुरतं. गळ्यात हार असला की फोटो चांगला येतो."

"फोटो तुमचा हाय," अव्वा म्हणाल्या. "गळा माझ्या नातीचा हाय."

साहेबांनी माझ्याकडं बघितलं, मी आता काय बोलते म्हणून. मी खुर्ची पुढं ओढली आणि बसले. हार राणीच्या हातात आला. फोटोवाला तिला हसायला सांगत होता, तिचं लक्ष नव्हतं. ती अव्वांच्या मांडीवर बसून हाराचा एकेक झेंडू तोडून खाली टाकत होती. कार्यालयाची फरशी पिवळी झाली, शिपाई कुरकुरायला लागला. अव्वांनी त्याच्याकडंही एकदा बघितलं. तो झाडू आणायला गेला.

माझ्या सगळ्या नोकरीत तो एकच दिवस असा, की मला तोंड उघडावं लागलं नाही.